गुण्याखालचा उजेड

दहावीचा निकाल लागला की आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश मार्गदर्शनाचे टेबल मांडले जाते आणि त्या टेबलामागे बहुतेक वर्षी माझीच नेमणूक होते. समोरच्या खुर्चीवर वडील बसतात, मुलगा त्यांच्या पाठीमागे उभा राहतो आणि वडील जवळपास ठरलेल्या वाक्याने सुरुवात करतात : "सर, याचं काय अभ्यासात डोकं चालत नाही, तुमच्याकडं कुठंतरी चिकटवा." मुलगा त्या वेळी बहुधा माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत असतो. त्याला गणितात किती गुण मिळाले, घरात बिघडलेला पंखा त्याने कधी खोलून पाहिला आहे का, असे प्रश्न मी त्याला विचारतो आणि त्यांची उत्तरे वडीलच देतात. बावीस वर्षांत हे 'चिकटवा' मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा राग येणे आता बंद झाले आहे.

दाराबाहेरच्या फ्लेक्सवर मात्र 'दहावीनंतरचा उत्तम पर्याय' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. पर्याय हा मोठा सभ्य शब्द आहे. खानावळीत भेंडी संपली की वाढपी पर्याय सुचवतो, एसटी चुकली की वडापची जीप हा पर्याय असतो. जे हवे होते ते मिळालेले नाही, हे त्या शब्दात गृहीतच धरलेले असते. फ्लेक्स लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण वडिलांचे 'चिकटवा' आणि आमचे 'पर्याय' यांत अंतर फारसे नाही, हे मला अनेक वर्षे जाणवत होते आणि आपण त्या दोघांच्याही बाहेर आहोत, असे मी मानत होतो.

२०२४ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. तिला सत्याऐंशी टक्के गुण मिळाले. संध्याकाळी पेढे वाटून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन करणार आहे." त्यावर माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडले, ते मी इथे लिहून ठेवतो, कारण हा सगळा लेख त्या वाक्यापोटीच लिहिला जात आहे. मी म्हणालो, "एवढे मार्क असताना आयटीआय कशाला?"

मी जोडारी व्यवसायाचा शिल्पनिदेशक आहे. जोडारी म्हणजे फिटर. आमच्या प्रवेशफलकावर व्यवसायांची मराठी नावे लिहिलेली असतात आणि ती मला फार आवडतात : टर्नर म्हणजे कातारी, वेल्डर म्हणजे संधाता, वायरमन म्हणजे तारतंत्री, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री. यांतला एकही शब्द संस्थेच्या आवारात कोणी उच्चारत नाही. मुले फिटरच म्हणतात, मीही फिटरच म्हणतो. तरीही दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे की मधून वारा जाऊ नये, हे ज्याचे काम, त्याला 'जोडारी' म्हणणाऱ्या अनामिक भाषांतरकाराने हे काम कधीतरी जवळून पाहिले असावे, असे मला वाटते.

ते काम सुरू कसे होते, ते सांगितले पाहिजे. प्रवेश घेतलेल्या मुलाला वाटते की आपल्याला मशीनवर उभे करतील. आम्ही त्याला व्हाईससमोर, म्हणजे धातू घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यासमोर, उभे करतो. व्हाईसची उंची त्याच्या कोपराएवढी आहे ना ते बघतो, त्यात साध्या पोलादाची एक जाड पट्टी पकडतो आणि हातात फाईल देतो. फाईल म्हणजे कानस. ओबडधोबड घासणारी ती बास्टर्ड, तिच्यानंतर सेकंड कट, शेवटी स्मूथ. पाय कसे ठेवायचे, डावा तळवा फाईलच्या टोकावर कसा टेकवायचा, पुढे जाताना दाब द्यायचा आणि मागे येताना तो सोडायचा, हे सांगायला दहा मिनिटे लागतात. ते अंगात यायला काही आठवडे जातात. सुरुवातीला प्रत्येकाची फाईल झोका घेते. पुढे जाताना टोक खाली झुकते, मागे येताना मूठ खाली जाते आणि सपाट व्हायला हवा तो पृष्ठभाग मधोमध फुगतो. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात, दुसऱ्या आठवड्यात ते फुटतात. फाईलच्या दातांत अडकलेला कीस पुढच्या घासेला जॉबवर, म्हणजे घासायच्या तुकड्यावर, ओरखडे काढतो, म्हणून दातांवर खडू घासायचा असतो, ही युक्ती सांगितली की मुलांना पहिल्यांदा काहीतरी गुपित कळल्यासारखे वाटते.

मग काटकोन तपासायचा गुण्या येतो. गवंडी आणि सुतार त्याला गुण्या म्हणतात, आम्ही ट्राय स्क्वेअर म्हणतो. मुलगा जॉब घेऊन येतो, मी त्याला खिडकीपाशी नेतो, जॉब डोळ्यांच्या रेषेत धरायला लावतो आणि गुण्याचे पाते त्यावर टेकवतो. पाते आणि पोलाद यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसते. जिथे रेघ दिसते, तिथे धातू जास्त घासला गेला आहे. जिथे दिसत नाही, तिथे उंचवटा आहे. केसापेक्षा बारीक फटही उजेडाला पुरते. मी काही बोलत नाही. फार तर "अजून थोडं" इतकेच म्हणतो आणि तो पुन्हा व्हाईसकडे जातो. दिवसभरात वीस मुले अशी खिडकीपाशी येतात आणि परत जातात. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो; दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, एकात एक बसणारे नर-मादी जोड करताना, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांवर बोलणे येते. एके दिवशी मुलाच्या जॉबखालची रेघ नाहीशी होते. तो स्वतःच दोनदा, तीनदा बघतो, गुण्या फिरवून बघतो, आणि मग शेजारच्याला हाक मारतो.

शाळेत या मुलाला अशी तपासणी कधी भेटलेली नसते. तिथे तो चुकला म्हणजे कुठे चुकला हे त्याला कळत नसे. पंचेचाळीस टक्के हा आकडा तेवढा कळत असे. इथे चूक कुठे आहे ते मिलिमीटरच्या हिशेबात दिसते, ती मास्तरांच्या मर्जीवर अवलंबून नसते आणि ती दुरुस्त करण्यासाठी लागणारे हत्यार त्याच्या हातातच असते. माझ्या स्वतःच्या बाबतीतही हेच घडले होते. बारावी शास्त्र शाखेत मी कसाबसा उत्तीर्ण झालो आणि १९९४ साली आयटीआयला आलो. वडील प्राथमिक शिक्षक होते. गावात कोणी विचारले तर ते "टेक्निकलला आहे" असे म्हणत आणि विषय बदलत. माझ्या निदेशकांनी मला पहिल्यांदा खिडकीपाशी नेले, तो दिवस मला आठवतो. आपल्याला काही येत नाही, हे मला शाळेने बारा वर्षे सांगितले होते. काय येत नाही, हे त्या दिवशी कळले.

असे असूनही मुलीपुढे मी ते वाक्य बोललो. ते कुठून आले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आणि त्यातला काही भाग मला माझ्या नोकरीच्या इतिहासातच सापडला. आपल्या देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. तिच्याआधी १९४५ मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी केंद्र सरकारने पुनर्वसन आणि रोजगाराचे एक महासंचालनालय उभारले होते. फाळणीनंतर निर्वासितांच्या प्रशिक्षणाचे कामही त्याच यंत्रणेकडे आले. आयटीआयची वंशावळ अशी आहे. पुढे ही सगळी व्यवस्था केंद्रात कामगार मंत्रालयाकडे राहिली, ती २०१५ मध्ये कौशल्य विकास मंत्रालयाकडे जाईपर्यंत. शिक्षण मंत्रालयाच्या दाराशी ती कधी गेलीच नाही. म्हणून आमच्याकडे विद्यार्थी नसतात, 'प्रशिक्षणार्थी' असतात. शिक्षक नसतात, निदेशक असतात. घर मोडलेल्यांना, हातचे काम सुटलेल्यांना पुन्हा उभे करण्यासाठी काढलेली ही सोय होती आणि त्यात कमीपणा काही नाही. पण जी गोष्ट सोय म्हणून जन्माला येते, तिला शिक्षण म्हणून बघायला लोकांना फार वेळ लागतो. पदवीधरांना पदवीदान समारंभ असतो. आयटीआयच्या मुलांसाठी देशभर तसा 'कौशल दीक्षान्त समारोह' पहिल्यांदा झाला तो १७ सप्टेंबर २०२२ रोजी, विश्वकर्मा जयंतीला. योजना सुरू होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती. त्या दिवशी एका मुलाची आई नऊवारीत आली होती आणि प्रमाणपत्र हातात घेऊन ते उलटे आहे की सुलटे, ते बघत होती. ते उलटे होते.

कागदावर मात्र धोरणांनी आम्हाला कधी विसरलेले नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरवले होते की उच्च माध्यमिक स्तरावरची दहा टक्के मुले १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के मुले १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळतील. आपल्या राज्यात त्याच काळात 'किमान कौशल्य' अभ्यासक्रम निघाले, जे पुष्कळ गावांत 'एमसीव्हीसी' याच नावाने ओळखले गेले. २०२० च्या धोरणाने लिहिले की २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय झालेला असावा. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे असेही नमूद केले आहे की १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी भारतीयांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले आहे, तर जर्मनीत हे प्रमाण पंच्याहत्तर आणि दक्षिण कोरियात शहाण्णव टक्के आहे. हे आकडे मी मार्गदर्शनाच्या भाषणात अनेकदा वाचून दाखवले आहेत. पालक ते शांतपणे ऐकतात. जर्मनीतल्या पंच्याहत्तर टक्क्यांत आपला मुलगा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

भाषणात आणखी एक नाव हमखास येते ते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. आमचा भाग त्यांचाच. किर्लोस्करवाडी इथून जवळ आहे आणि १९१० साली त्या माळावर उभा राहिलेला कारखाना हा आम्हा सगळ्यांचा अभिमान आहे. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेलेला हा तरुण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळला, व्हीजेटीआयमध्ये साहाय्यक शिक्षक झाला, बेळगावात सायकली विकल्या आणि मग लोखंडी नांगर केला. हे सगळे खरे आहे आणि तरीही पाहुण्यांच्या भाषणात हे ऐकताना मला अलीकडे अवघडल्यासारखे होते. शेकडो मुलांना एका लक्ष्मणरावांचे उदाहरण देणे म्हणजे त्यांच्या प्रमाणपत्राचे मोल त्यांच्या अलौकिक असण्यावर टाकणे होय. बी.कॉम. करणाऱ्याला कोणी असे उदाहरण देत नाही; त्याला बँकेची परीक्षा दिसत असते आणि तेवढे पुरते. आमच्या मुलालाही तेवढेच साधे काहीतरी दिसायला हवे आहे.

आणि ते त्याला नेहमी दिसत नाही, हे मी आतून जाणतो. माझ्या त्या वाक्याचा दुसरा भाग इथून आला होता. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी असते, १९६१ च्या कायद्यानुसार. २०१९ च्या नियमदुरुस्तीत आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरले. चांगल्या कारखान्यात हे वर्ष म्हणजे खरी शाळा असते. मशीन का थांबली ते शोधायला मुलगा तिथे शिकतो. पण सगळे कारखाने तसे नसतात. काही वर्षांपूर्वीच्या तुकडीत माझा एक विद्यार्थी होता. त्याच्यासारखी फाईल चालवणारा मुलगा मला पुन्हा मिळाला नाही. त्याने केलेला डव्हटेल जोड मी कपाटात ठेवलेला आहे आणि नव्या मुलांच्या हातात देतो. त्याला एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले आणि वर्षभर पेट्या उचलायला लावल्या. वर्ष संपल्यावर त्याच जागी ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून राहायचे असेल तर राहा, असे सांगितले. तो भेटायला आला तेव्हा मी विचारले, तिथे मोजमापाचा व्हर्नियर तरी हातात घेतलास का? तो हसला. लग्नाच्या बोलण्यात अशा मुलांचे वडील "मुलगा कंपनीत आहे" असे सांगतात. 'कंपनीत आहे' या दोन शब्दांखाली काय काय झाकलेले असते, हे मुलीकडच्यांनाही माहीत असते, म्हणून त्यांचा पुढचा प्रश्न "पर्मनंट का?" हाच असतो.

वर जाण्याची शिडी नाही, असे मात्र आता म्हणता येत नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. कागदावर ही शिडी सरळ आहे. प्रत्यक्षात तिची एक पायरी निसरडी आहे आणि तिचे नाव गणित. पदविकेच्या पहिल्या वर्षात जे गणित शिकवलेले असते, ते आमच्या मुलाने शिकलेले नसते. तो दुसऱ्या वर्षात जाऊन बसतो तेव्हा वर्गातली बाकीची मुले ज्या भाषेत बोलत असतात, ती त्याला ऐकूच आलेली नसते. कार्यशाळेत तो त्यांचा दादा असतो, फळ्यासमोर तोच मागच्या बाकावर जातो. माझे किती तरी विद्यार्थी तिथून परतले. जे टिकले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आमच्याकडे असतानाच संध्याकाळी कोणाकडून तरी गणित शिकून घेतले होते. म्हणून आता मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शनिवारी दुपारी त्रिकोणमिती आणि कलन शिकवतो. अभ्यासक्रमात ते नाही, माझ्या कर्तव्यसूचीतही नाही. सात-आठ मुले बसतात.

करोनाच्या काळाबद्दल एवढेच सांगतो की २०२० साली मी मोबाईलसमोर उभा राहून फाईल कशी धरावी हे दाखवत होतो आणि पलीकडे मुले लाटणे धरून बघत होती.

याउलट जे पाबळला पाहिले, ते विसरता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून हा माणूस कोरडवाहू गावात आला आणि शाळा सोडलेल्या मुलांकडून घरे बांधून घेऊ लागला, बायोगॅसच्या टाक्या करवून घेऊ लागला. तिथूनच 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय गावोगावच्या माध्यमिक शाळांत गेला. त्यात आठवड्याचा एक दिवस आठवी ते दहावीची सगळी मुले हाताने काम करतात : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. मला महत्त्वाचे वाटले ते 'सगळी' हे विशेषण. वर्गात पहिली येणारी मुलगी आणि दोनदा नापास झालेला मुलगा एकाच खुर्चीला वेल्डिंग करत होते, आणि कोणाच्या वेल्डिंगची रेघ सरळ येते हे आधी सांगता येत नव्हते. तिथे हा पर्याय नव्हता, कारण त्यातून कोणाला वगळलेलेच नव्हते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा त्यांच्याही मनात उद्योग हा सगळ्यांसाठीच होता. आपण त्यातला उद्योग तेवढा उचलला आणि 'सगळ्यांसाठी' हे सोडून दिले.

मुलीच्या निकालाच्या त्याच वर्षी, फेब्रुवारीत, राज्य शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला होता आणि त्या उन्हाळ्यात माझ्या टेबलापुढचे काही चेहरे बदलले. कधी न येणारे पालक आले. "सर, जर्मनीला इलेक्ट्रिशियन लागतात म्हणे, खरं का?" लागतात, हे खरे होते, त्यासाठी जर्मन भाषा शिकावी लागते, हेही मी सांगत होतो आणि त्यावर बरेच जण उठत होते. मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. इथल्या खांबावर चढणारा वीजतंत्री आणि तिथल्या घरात तारा ओढणारा वीजतंत्री यांच्या कामात असा काय फरक आहे की एकाला 'चिकटवायचे' आणि दुसऱ्याला विमानतळावर हार घालायचे? फरक पगाराचा आहे, हे उघड आहे, पण तेवढाच नाही. तिथे तीन-साडेतीन वर्षांची उमेदवारी कारखाना आणि व्यवसाय शाळा यांत वाटलेली असते, आणि पुढे 'मायस्टर' झालेल्या कारागिराची पात्रता त्यांच्या राष्ट्रीय आराखड्यात पदवीधराच्याच पायरीवर, सहाव्या स्तरावर, ठेवलेली आहे. आपला उस्ताद मिस्त्री कोणत्या पायरीवर आहे, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आता त्या संध्याकाळकडे परत येतो. "एवढे मार्क असताना आयटीआय कशाला?" असे मी म्हणालो आणि मुलगी काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. ती माझ्या संस्थेत लहानपणापासून येते. विश्वकर्मा जयंतीच्या प्रसादाला, प्रदर्शनाला, कधी सुट्टीत नुसतीच. तिथल्या मुलांचे मी किती कौतुक करतो, ते तिने घरी रोज ऐकलेले आहे. ती म्हणाली, "म्हणजे मार्क कमी पडले असते तर चाललं असतं?" याला मला उत्तर देता आले नाही. माझ्या आईने मदत केली, ती आतून म्हणाली, "पोरीच्या जातीला कुठं खांबावर चढायला लावतोस?" पत्नीचे म्हणणे असे होते की अकरावी शास्त्र घ्यावे, मग बघता येईल. या 'मग बघता येईल'मध्ये मध्यमवर्गीय घरांचे अर्धे आयुष्य जाते. मी रात्री वहीवर दोन रकाने आखून हिशेब मांडला, कारण हिशेब मांडला की भावना लपवता येतात. ठेकेदारी, पेट्या उचलणारा माझा विद्यार्थी, गणिताची निसरडी पायरी, कार्यशाळेत वीस जणांत एखादीच मुलगी. डावा रकाना भरत गेला. तीस टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, पण आमच्याकडे त्यांतल्या कितीतरी दरवर्षी मुलांकडे जातात, कारण अर्जच येत नाहीत. उजव्या रकान्यात मी शेवटी एवढेच लिहिले : 'तिला आवडते.'

तिला ते कधी आवडू लागले, तेही मला त्या रात्री तिच्याकडूनच कळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्याही वर गेली आणि आमच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती. ती तेव्हा सहावीत होती. पाणी उतरल्यावर चिखलात उभे राहून वायरमन एकेक रोहित्र उघडत होते, पुसत होते, वाळवत होते आणि ती आमच्या गच्चीवरून दिवसभर ते बघत होती. एका वायरमनने तिला विचारले होते, "बाळ, तुमच्याकडं आली का लाईट?" आणि हिने घरात धावत जाऊन बटण दाबून बघितले होते. मला हा प्रसंग माहीतच नव्हता. मी त्या आठवड्यात संस्थेतल्या भिजलेल्या लेथांना तेल लावत होतो.

तिने प्रवेश घेतला, माझ्या संस्थेत घेतला नाही; ते तिने आधीच सांगितले होते. वीजतंत्रीची गुणवत्ता यादी इतकी वर गेली होती की सत्याऐंशी टक्क्यांचे तिथे कोणाला नवलही वाटले नाही. नातेवाइकांत मी काय सांगतो, याकडे मी स्वतःच लक्ष ठेवून होतो. पहिल्या दोन-तीन जणांना मी "टेक्निकलला आहे" असे सांगितले. हे वडिलांचे वाक्य आहे, हे लक्षात आल्यावर थांबलो.

पहिल्या वर्षाच्या एप्रिलमध्ये एका रविवारी तिने घरातला एक सॉकेट उघडला आणि आयटीआयमधून आणलेला टेस्ट लॅम्प लावून बघितला. फेज आणि न्यूट्रलला दिवा लख्ख लागला. फेज आणि अर्थला लागलाच नाही. "बाबा, आपल्या घराला अर्थिंगच नाही." मी म्हणालो, आहे, बांधताना मी स्वतः उभा राहून खड्डा घेतला होता. आमच्या फ्रिजच्या दाराला हात लावला की अधूनमधून झिणझिण्या येतात, म्हणून आई गेली कित्येक वर्षे फ्रिजसमोर लाकडी पाट ठेवते आणि त्यावर उभी राहून दार उघडते. आम्हा सगळ्यांना त्या पाटाची इतकी सवय झाली होती की तो तिथे का आहे, हे मीही विसरलो होतो; मी, जो मुलांना सुरक्षिततेचा पहिला धडा शिकवतो.

तिने आधी मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला. मग आम्ही मागच्या बाजूचा खड्डा उकरला. मीठ आणि कोळसा यांचे थर वाळून दगड झाले होते, कारण उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे असते, हे घर बांधणाऱ्याने मला सांगितले होते आणि मी एकाही उन्हाळ्यात ओतले नव्हते. पाइपाशी पट्टी जिथे आवळलेली होती, तिथे ती गंजून तुटली होती. तिने नवी पट्टी कापली, पाइपाच्या गंजक्या तोंडाकडे बोट दाखवले आणि मला म्हणाली, "एवढं फाईलने घासून द्या, चकचकीत झालं पाहिजे, नाहीतर कॉन्टॅक्ट धरणार नाही." मी घासले. तिने टॉर्चच्या उजेडात ते निरखून बघितले आणि म्हणाली, "अजून थोडं."

संध्याकाळपर्यंत नवे मीठ, नवा कोळसा आणि चार बादल्या पाणी झाले. तिने फ्यूज परत बसवले, पुन्हा तोच सॉकेट उघडला आणि फेज-अर्थला दिवा लावला; तो लागला. नंतर तिने आजीला हाताला धरून आणले आणि पाट बाजूला करून फ्रिज उघडायला सांगितले. आईने पदराने हात पुसला, दाराला दोनदा बोट लावून बघितले, दार उघडून दूध आत ठेवले. काही बोलली नाही. पाट मात्र तिने रात्री पुन्हा जागेवर आणून ठेवला आणि तो अजून तिथेच आहे.